एकाच वाळवंटाचे दोन दाखले

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला मॉरिटानिया नावाचा देश फ्रान्सच्या ताब्यातून मोकळा झाला. म्हणजे आपले राज्य आणि तो देश एकाच वयाचे. या देशाच्या उत्तरेला, त्याला अगदी खेटून, आणखी एक मुलूख आहे. तिथली वाळू तीच, उंट तेच. लोक बोलतात तीच हस्सानी अरबी आणि नमाज पढतात त्याच मालिकी मसलकाप्रमाणे. पाहुण्याला बसवून एकामागून एक तीन पेले चहा पाजण्याची रीतही दोन्हीकडे सारखीच. बायका अंगाभोवती एकच लांब वस्त्र गुंडाळतात, त्याला मेल्हफा म्हणतात. लांबून पाहिले तर आपल्याला साडीच वाटावी. इतके सगळे सारखे असून मॉरिटानियाला संयुक्त राष्ट्रांत खुर्ची आहे, झेंडा आहे, पासपोर्ट आहे. शेजारच्या मुलखाला मात्र देश म्हणायचे की दुसऱ्या देशाचा प्रांत, हे पन्नास वर्षांत ठरलेले नाही. नकाशावर तिथे सरळ रेघ नसते, तुटक रेघ असते. त्या मुलखाचे नाव पश्चिम सहारा.

तेरला तेरणेच्या काठी बसून एवढ्या दूरची चौकशी कशाला, असे वाचक विचारतील. खरे म्हणजे आमचे गाव दूरच्या गोष्टींना नवखे नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची माहिती लिहून ठेवली. तीत तांबड्या समुद्राकाठची आफ्रिकेतली बंदरे आहेत आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे 'तगर' नावाचे मोठे शहरही आहे. तगर म्हणजेच आजचे तेर. इथले कापड गाड्यांनी भडोचला जाई आणि तिथून जहाजांनी पुढे. गावातल्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात त्या व्यापाराच्या खुणा आजही पाहायला मिळतात. पण आमच्या चौकशीचे कारण एवढे जुने नाही. कोणता मुलूख कोणाचा, हा प्रश्न ज्यांच्या घरावरून गेला त्यांत आपणही आहोत. मराठवाड्यातल्या मुसलमान घरांतून 'पुलिस एक्शन' हा शब्द अजूनही आवाज खाली करून उच्चारला जातो.

आधी तिकडचे पाहू.

मॉरिटानिया आकाराने प्रचंड आहे, सुमारे १० लाख ३० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे सव्वातीन महाराष्ट्र. वस्ती मात्र पन्नास लाखांच्या आसपास. पश्चिम सहारा त्याच्या पावपट, सुमारे २ लाख ६६ हजार चौरस किलोमीटर. आपल्या राज्यापेक्षा थोडा लहान. तिथे सहा लाखांच्या आसपास लोक राहतात. आपल्या एकट्या धाराशिव जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे साडेसोळा लाख माणसे होती, हे लक्षात घेतले की त्या वाळवंटाचा रितेपणा कळतो.

या दोघांमधली सीमा तिथल्या कोणी आखली नाही. १९०० साली पॅरिसमध्ये फ्रान्स आणि स्पेन यांनी करार करून वाळूवर रेघा ओढल्या. एका ठिकाणी ती सरळ रेघ एकदम वाकते, कारण तिथे मिठाची मोठी खाण होती आणि ती फ्रान्सला हवी होती. समुद्राकडे तर एका चिंचोळ्या भूशिराचे उभे दोन तुकडे केले गेले. पूर्वेकडच्या तुकड्यावर आज नुआधिबू हे मॉरिटानियाचे गजबजलेले बंदर आहे. पश्चिमेकडच्या तुकड्यावरचे ला गुएरा हे गाव ओस पडून वाळूखाली जात आहे. रगीबातसारख्या भटक्या जमातींनी या रेघेची कधी पर्वा केली नाही. जिकडे पाऊस पडला, तिकडे त्यांचे उंट गेले. पण फ्रान्स १९६० मध्ये निघून गेला आणि स्पेन आणखी पंधरा वर्षे चिकटून बसला, एवढ्या एका फरकाने पुढच्या तीन पिढ्यांचे नशीब ठरले.

मॉरिटानियाचा मार्गही सुखाचा नव्हता, हे सांगितलेच पाहिजे. 'सार्वभौम देश' आणि 'वादग्रस्त मुलूख' या जणू दोन वेगळ्या जाती आहेत, असे आपण वर्तमानपत्रे वाचून समजतो. १९६० मध्ये मॉरिटानिया स्वतःच वादग्रस्त मुलूख होता. मोरोक्कोचे म्हणणे होते की हा सगळा भाग पूर्वीपासून आमच्या सुलतानाचा. बहुतेक अरब देशांनी मोरोक्कोची बाजू घेतली. मॉरिटानियाने संयुक्त राष्ट्रांकडे सदस्यत्वाचा अर्ज केला, तर रशियाने नकाराधिकार वापरून तो अडवला. पुढच्या वर्षी, १९६१ मध्ये, मंगोलियाला प्रवेश देण्याच्या बदल्यात मॉरिटानियाला वाट मोकळी झाली. मोठ्यांच्या देवघेवीत लहानाचे काम झाले! मोरोक्कोने तर थेट १९६९ मध्ये या शेजाऱ्याला देश म्हणून मान्यता दिली. तोवर नऊ वर्षे मॉरिटानिया एका दृष्टीने देश होता आणि दुसऱ्या दृष्टीने नव्हता. त्याला राजधानीही नव्हती. फ्रेंच अधिकारी शेजारच्या सेनेगलमधील सेंट लुईहून कारभार पाहत. समुद्राजवळच्या एका छोट्या वस्तीच्या जागी १९५८ पासून नुआकशॉट हे शहर नव्याने उभे राहिले. देश असा कागदावर आधी आला आणि जमिनीवर मागाहून. कागद मात्र वेळेवर हाती आला.

बैअत कोणाची, जमीन कोणाची

पश्चिम सहाराची गोष्ट इथे वेगळी वाट धरते. १९७३ मध्ये तिथल्या तरुणांनी स्पेनविरुद्ध पोलिसारिओ ही संघटना काढली. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको तेव्हा आजारी होता आणि स्पेनला आता निघायचे होते. उत्तरेकडून मोरोक्को म्हणाला, हा मुलूख आमचा. दक्षिणेकडून मॉरिटानिया म्हणाला, आमचा. जो मॉरिटानिया काल मोरोक्कोच्या अशाच दाव्यातून कसाबसा वाचला होता, तोच आज शेजाऱ्यावर दावा सांगू लागला. हा विरोधाभास आम्हाला सगळ्यात जास्त खटकतो.

प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. तिथली चर्चा मुसलमान वाचकांनी समजून घेण्यासारखी आहे. मोरोक्कोचा मुख्य आधार बैअतचा होता. सहारातल्या काही टोळ्यांच्या सरदारांनी सुलतानाला बैअत दिली होती, म्हणून ती जमीन सुलतानाची, असा तो युक्तिवाद. न्यायालयाने १६ ऑक्टोबर १९७५ रोजी मत दिले. काही टोळ्यांचे सुलतानाशी निष्ठेचे नाते होते, हे न्यायालयाने मान्य केले. मॉरिटानियाच्या भागाशी त्यांचे जमिनीच्या वापरासह काही हक्कांचे नाते होते, हेही मान्य केले. परंतु यातले कोणतेही नाते त्या भूमीवरचे सार्वभौमत्व ठरत नाही आणि तिथल्या लोकांचा स्वतःचे भवितव्य ठरवण्याचा हक्क त्याने रद्द होत नाही, असे न्यायालय म्हणाले. थोडक्यात, माणसाने माणसाला हात दिला म्हणून त्याच्या पायाखालची जमीनही आपोआप दिली, असे होत नाही.

हे मत लोकांना वाचायलाही वेळ मिळाला नाही. तीन आठवड्यांत, ६ नोव्हेंबरला, मोरोक्कोचे राजे हसन दुसरे यांच्या हाकेवरून साडेतीन लाख लोक हातात कुराण आणि झेंडे घेऊन सीमेवर चालत गेले. 'हरित मोर्चा' म्हणून तो प्रसिद्ध आहे. आठ दिवसांनी माद्रिदमध्ये स्पेन, मोरोक्को आणि मॉरिटानिया यांनी मुलूख वाटून घेण्याचा करार केला. ज्यांचा मुलूख होता, त्यांना त्या मेजाभोवती जागा नव्हती. उत्तरेकडचा मोठा भाग मोरोक्कोला, दक्षिणेकडचा तिसरा हिस्सा मॉरिटानियाला. स्पेन निघाला आणि दुसऱ्याच दिवशी, २७ फेब्रुवारी १९७६ रोजी, पोलिसारिओने सहारावी अरब लोकशाही प्रजासत्ताकाची घोषणा केली. लढाई पेटली होतीच. हजारो कुटुंबे बायकामुलांसह पूर्वेकडे पळाली आणि अल्जीरियातल्या तिंदूफजवळच्या खडकाळ माळावर जाऊन थांबली. ती अजून तिथेच आहेत.

मॉरिटानियाला हा घास पचला नाही. पोलिसारिओचे हल्ले थेट नुआकशॉटपर्यंत आले. झुएरातच्या खाणींतून नुआधिबू बंदराकडे जाणारी लोहखनिजाची आगगाडी म्हणजे त्या देशाची पोटाची शिदोरी. सातशे किलोमीटरचा तो मार्ग सीमेच्या कडेकडेने जातो. त्यावरच घाव बसू लागले. १९७८ मध्ये लष्कराने राष्ट्राध्यक्ष मुख्तार वुल्द दद्दाह यांना पदावरून काढले. पुढच्या ऑगस्टमध्ये मॉरिटानियाने पोलिसारिओशी तह करून आपला हिस्सा सोडला. तो रिकामा झालेला हिस्सा मोरोक्कोने लगेच व्यापला. १९८४ मध्ये मॉरिटानियाने सहारावी प्रजासत्ताकाला मान्यताही दिली. चूक करून माघार घेणारे देश इतिहासात थोडेच सापडतात. मॉरिटानियाने ती माघार नाइलाजाने घेतली, हे खरे; पण घेतली.

मोरोक्कोने ऐंशीच्या दशकात वाळवंटात सुमारे २७०० किलोमीटर लांबीची वाळू-दगडाची भिंत उभारली आणि तिच्या कडेने सुरुंग पेरले. भिंतीच्या पश्चिमेला मुलखाचा जवळजवळ चार-पंचमांश भाग, सगळी शहरे, मासेमारीचा किनारा आणि बू-क्राची फॉस्फेटची खाण मोरोक्कोकडे. पूर्वेला ओसाड पट्टा पोलिसारिओकडे. भाऊ भिंतीच्या एका बाजूला, बहीण दुसऱ्या बाजूला. १९७६ मध्ये तुटलेली कुटुंबे एकमेकांना भेटायला २००४ साल उजाडले. त्या वर्षापासून संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने विमानाने पाच-पाच दिवसांच्या भेटी घडवल्या. अठ्ठावीस वर्षांनी आईला भेटायचे आणि पाच दिवसांनी परत विमानात बसायचे! २०१४ मध्ये तेही थांबले.

नाव गावाचे, गाव मात्र दुसरीकडे

तिंदूफच्या छावण्यांना निर्वासितांनी आपल्या मागे सुटलेल्या शहरांची नावे दिली आहेत: अल-अयून, स्मारा, औसर्द, बुजदूर आणि दाखला. मराठी माणसाचे कान दाखला या शब्दावर टवकारतील. शब्द मूळचा अरबीच. आपल्याकडे तो तहसीलमधून आला: जन्माचा दाखला, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला. तिकडे ते समुद्रकाठच्या शहराचे नाव. छावणीतल्या मुलाचा जन्म 'दाखला'त झालेला असतो. पण तो दाखला अल्जीरियात आहे आणि खरा दाखला भिंतीपलीकडे. छावण्यांत दीड लाखाहून जास्त लोक असल्याचा अंदाज आहे. पुरुष लढाईवर असताना तिथल्या शाळा, दवाखाने, शिधावाटप हे सारे बायकांनी उभे केले. हा भाग आमच्या भगिनींनी मुद्दाम लक्षात ठेवावा. वाळवंटातही २०१५ मध्ये असा पाऊस कोसळला की मातीच्या विटांची हजारो घरे विरघळली. तात्पुरती म्हणून बांधलेली ती घरे तेव्हा चाळीस वर्षांची झाली होती.

प्रवासाला निघायचे तर छावणीतल्या माणसाला अल्जीरिया आपला पासपोर्ट देतो. भिंतीच्या पश्चिमेकडच्या सहारावीला मोरोक्कोचा पासपोर्ट घ्यावा लागतो. नोव्हेंबर २००९ मध्ये अमिनातू हैदर या मानवी हक्कांच्या कार्यकर्त्या परदेशातून अल-अयूनला परतल्या. विमानतळावरच्या फॉर्मवर राहण्याचे ठिकाण म्हणून त्यांनी 'पश्चिम सहारा' लिहिले. अधिकाऱ्यांनी पासपोर्ट काढून घेतला आणि त्यांना स्पेनच्या लांझारोते बेटावर पाठवून दिले. त्या तिथल्या विमानतळावर ३२ दिवस उपोषणाला बसल्या, तेव्हा त्यांना घरी, मुलांकडे, जाता आले. एका रकान्यातल्या दोन शब्दांची ही किंमत.

मग मॉरिटानियाचा पासपोर्ट ज्याच्या खिशात आहे, तो सुखी आहे का? इथे आम्हाला थांबून विचार करावासा वाटतो, कारण सार्वभौमत्व या शब्दाला आपण फार लवकर भुलतो. मॉरिटानियात शिंगेतीसारखी गावे आहेत, जिथे घराघरांतून शेकडो वर्षांची हस्तलिखिते जपली आहेत. तिथल्या महदरा नावाच्या पारंपरिक शाळांची नोंद २०२३ मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. आणि त्याच मॉरिटानियाने गुलामगिरी कायद्याने बंद केली ती १९८१ मध्ये, जगात सगळ्यात शेवटी. तिला गुन्हा ठरवायला २००७ उजाडले. हरातीन म्हणवल्या जाणाऱ्या, पूर्वीच्या गुलामांच्या वंशजांची लढाई अजून चालू आहे. १९८९ मध्ये सेनेगलशी भांडण पेटले, तेव्हा याच सरकारने आपल्याच हजारो काळ्या नागरिकांना नदीपार हाकलले आणि अनेकांची ओळखपत्रे काढून घेतली. तेही मुसलमान, हाकलणारेही मुसलमान. देशाला झेंडा असला म्हणजे त्यातल्या प्रत्येकाला देश असतोच असे नाही. तरी एक फरक उरतो. हाकललेल्यांपैकी हजारो लोकांना २००८ नंतर परत आणले गेले, कारण परत कुठे जायचे ते ठिकाण नकाशावर ठरलेले होते.

आपल्या दारातली रेघ

आता तेरकडे येऊ. आमचा हा भागही असाच हातोहात फिरलेला आहे. १८५३ मध्ये निजामाने इंग्रजांच्या कर्जापोटी वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर धाराशिवचा मुलूख कंपनीच्या हवाली केला. १८६० मध्ये वऱ्हाड इंग्रजांनी ठेवून घेतले आणि धाराशिव व रायचूर निजामाला परत दिले. इथल्या कुणब्याला, कुंभाराला, विणकराला विचारायला ना १८५३ मध्ये कोणी आले, ना १८६० मध्ये. बार्शी इंग्रजी मुलखात आणि तेर निजामीत. इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार रुपया. मध्ये करोडगिरीचा नाका. सोयरिकी मात्र दोन्हीकडे. पॅरिसच्या कराराची रेघ कशी असते, हे आपल्या आजोबा-पणजोबांना पुस्तक न वाचता ठाऊक होते.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, पण सातव्या निजामाने हैदराबाद भारतात विलीन केले नाही. तेरा महिने हे संस्थान वादग्रस्त मुलूखच होते. लातूरला वकिली करणाऱ्या कासिम रझवीच्या रझाकारांनी खेड्यापाड्यांतल्या हिंदू जनतेवर जे अत्याचार केले, ते झाकून ठेवण्यात आपले काही भले नाही. लातूर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होते. या धोरणाला विरोध करणाऱ्या शोएबुल्ला खान या मुसलमान पत्रकाराचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत खून झाला. त्याच महिन्यात निजाम सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली. परिषदेने ती १६ सप्टेंबरला ऐकायला घेतली. भारतीय फौजा १३ तारखेलाच सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आत आल्या होत्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. काही दिवसांत निजामाने तक्रारही मागे घेतली.

इतिहासाच्या पुस्तकात प्रकरण इथे संपते. आपल्या घरांत ते इथे सुरू होते. त्यानंतरच्या दिवसांत जे घडले, त्याची पाहणी करण्यासाठी पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती पाठवली. तिच्या अहवालाने संपूर्ण संस्थानात २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. सर्वांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे त्यात नोंदवले आहेत: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. उस्मानाबादचे नाव पहिले. हिंदू शेजाऱ्यांनी आपला जीव धोक्यात घालून मुसलमानांना वाचवल्याच्या नोंदीही त्याच अहवालात आहेत. अहवाल कित्येक दशके बंद राहिला. २०१३ च्या सुमारास तो अभ्यासकांना दिल्लीत पाहायला मिळू लागला. निजामाने घेतलेल्या निर्णयाचे हप्ते त्याच्या प्रजेने, दोन्ही धर्मांच्या प्रजेने, भरले.

हैदराबाद म्हणजे पश्चिम सहारा नव्हे, हे लगेच सांगतो. हैदराबादेत वेगळे राहण्याचा हट्ट संस्थानिकाचा होता आणि बहुसंख्य रयतेला भारतात यायचे होते. सहारात वेगळे राहण्याची मागणी खालून, लोकांतून आली. हैदराबाद चहूबाजूंनी भारताने वेढलेले. सहाराला समुद्र आहे. तुलना जिथे लंगडते, तिथे तिला ओढत नेऊ नये. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. मुलूख कोणाचा हा वाद चालू असतो, तेव्हा त्यातल्या साध्या घराचे काहीच चालत नाही. आणि वाद मिटल्यावर त्या घराला काय मिळते, यावर पुढच्या पिढ्या उभ्या राहतात. आमच्या वडीलधाऱ्यांना फार मोठी जखम मिळाली, पण २६ जानेवारी १९५० रोजी नागरिकत्व मिळाले आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मत मिळाले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. उर्दूतले जुने मुंतखब, पहाणीपत्रके कपाटात राहिली. त्यावरून शेत सिद्ध करताना तलाठ्याकडे आणि तहसीलला खेटे घालावे लागले, आजही लागतात. तरी खेटे घालायला तहसील आहे. तिंदूफच्या माळावर तेही नाही.

एक धागा आणखी आहे, आणि तो शेतातून जातो. खरिपाच्या तोंडावर १३५० रुपये देऊन आपण डीएपीची गोणी आणतो. त्यातले फॉस्फरस भारतात पुरेसे निघत नाही. खडकाच्या किंवा आम्लाच्या रूपात ते बाहेरून येते आणि पुरवणाऱ्यांत मोरोक्को मोठा आहे. त्यातला बहुतेक माल मोरोक्कोच्या स्वतःच्या खाणींतला. पण भिंतीच्या पश्चिमेकडच्या बू-क्रा खाणीतून सुमारे शंभर किलोमीटर लांबीच्या पट्ट्यावरून समुद्राकडे वाहत येणारा खडकही अलीकडच्या वर्षांत भारतीय बंदरांत उतरला आहे. आपल्या सोयाबीनच्या मुळाशी गेलेले खत नेमके कोणत्या खाणीतले, हे गोणीवर छापलेले नसते. युरोपात मात्र २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पश्चिम सहारात पिकलेल्या टोमॅटोवर आणि खरबुजावर उगमस्थान म्हणून 'पश्चिम सहारा' असेच लिहावे, 'मोरोक्को' नव्हे. जे हैदरबाईंना फॉर्मवर लिहू दिले नाही, ते खरबुजावर लिहावे, असे न्यायालयाने म्हटले!

भारताची भूमिकाही बदलत गेली. १९८५ मध्ये आपण सहारावी प्रजासत्ताकाला मान्यता दिली, त्यांचा दूतावासही दिल्लीत उघडला. २००० मध्ये ती मान्यता काढून घेतली. कारणे राजनैतिक होती की खताची, यावर जाणकार वाद घालतात. आम्हाला दोन्ही खरी वाटतात.

आणि ज्या सार्वमताने हे सगळे मिटायचे होते, त्याचे काय झाले? १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी युद्धबंदी घडवली आणि मिनुर्सो नावाची मोहीम पाठवली. काम एकच: लोकांना विचारायचे, स्वतंत्र व्हायचे की मोरोक्कोत राहायचे. पण लोक म्हणजे कोण? भटक्यांच्या मुलखात रहिवासी कोणाला म्हणायचे? पाया म्हणून स्पेनने १९७४ मध्ये केलेली खानेसुमारी घेतली, तिच्यात जेमतेम ७४ हजार नावे. ज्यांची नावे त्यात नव्हती, त्यांनी आपला बाप, आजा, टोळी सांगायची. समोर दोन्ही बाजूंचे म्हातारे शेख बसलेले. ते विचारत, तुझ्या आजोबाचा तळ कुठल्या विहिरीवर असायचा? तुझ्या चुलत्याचे नाव काय? ज्याला उत्तर आले तो सहारावी. कागद नसलेल्या माणसाचा कागद म्हणजे कुणातरी वृद्धाची आठवण. असे जवळजवळ दोन लाख अर्जदार पाच-सहा वर्षे रांगेत उभे राहिले. जानेवारी २००० मध्ये यादी पुरी झाली तेव्हा तीत ८६,३८६ नावे होती. नाकारलेल्यांच्या वतीने लाखाच्या वर अपिले आली आणि काम तिथेच अडले.

पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये युद्धबंदीही मोडली. त्या डिसेंबरात अमेरिकेने मोरोक्कोचा हक्क मान्य केला. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव करून वाटाघाटींसाठी मोरोक्कोची स्वायत्ततेची योजना पायाभूत धरली; मिनुर्सोला वर्षभराची मुदतवाढही दिली. सार्वमत हा शब्द आता त्या मोहिमेच्या नावापुरता उरला आहे.

यादी मात्र आहे. १९७४ च्या खानेसुमारीत ज्याचे वय वीस लिहिले होते, तो आज सत्तरीच्या पुढे गेला असेल. आजोबांच्या विहिरीचे नाव विचारणारे ते शेख तर बहुतेक गेलेच. त्यांनी ओळखलेली ८६,३८६ नावे संयुक्त राष्ट्रांच्या दप्तरात जपून ठेवलेली आहेत. ती कधी वापरायची, याची तारीख अजून कोणी टाकलेली नाही.